तीन पेडाची दोरी

"काशे, दोरी तीन पेडाची वळ. दोन पेडाची केलीस तर पाळणा गरगर फिरंल नि पोराला भोवळ येईल. आणि बाजारची दोरी माझ्या पणतवंडाला लावाची नाय. बोल, नाय लावणार ना?"

"नाय लावणार, आत्या."

"हात दे."

काशीने हात दिला होता. तिच्या सासूचा, धोंडीबाईंचा, हात तेव्हा सुकलेल्या शेंगेसारखा हलका झाला होता, पण पकड अजून दोरी वळणाऱ्या बाईची होती. त्यानंतर आठ दिवसांनी त्या गेल्या. त्याला चार वर्षं झाली. काशीच्या सासूने जाताना तिच्याकडे ना दागिना सोपवला, ना किल्ली. सोपवलं ते हे एवढंच काम.

त्यांच्या घराण्याची रीतच तशी होती. पहिल्या बाळाचा पाळणा यायचा मुलीच्या माहेराहून. तो सागाचा असो, बांबूचा असो, विहिणीची ऐपत असेल तसा. पण पाळण्याला दोरी लागायची ती बाळाच्या बापाच्या घरची. अंबाडी बापाच्या बांधावरची, ती भिजवायची बापाच्या रानातल्या ओहोळात, आणि सालीचे धागे, म्हणजे वाख, काढून दोरी वळायची आजीने. काशीच्या लेकाच्या, दीपेशच्या वेळी धोंडीबाईंनी वळली होती. आता दीपेशची बायको मनस्वी आठ महिने पुरे करून नवव्यात होती आणि पाळी काशीची होती.

काशीने तयारी वेळेत केली होती. किन्हवलीच्या शेतात नाचणीच्या कडेने अंबाडीच्या दोन ओळी मुद्दाम लावल्या होत्या. कार्तिकी पौर्णिमा झाल्यावर तिने ती कापली, तिच्या पेंढ्या बांधल्या, ओहोळाच्या डोहात बुडवल्या आणि वर दगड ठेवले. बारा-चौदा दिवसांनी साल हाताने सुटायला लागते. त्याहून फार दिवस राहिली तर वाख कुजतो आणि चिमटीत धरला की तुटतो. म्हणून तिने देव्हाऱ्याजवळच्या भिंतीवर कुंकवाच्या बोटाने दिवस मोजायला सुरुवात केली. रोज एक बोट.

काशीचे नेम कडक. पहाटे दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मार्गशीर्षातले सगळे गुरुवार धरायचे. आणि संध्याकाळी देवापुढे हात जोडून म्हणायचं, "आज खोटं बोलले नाय." हा शेवटचा नेम तिच्या आईने घालून दिलेला. आळीतल्या बायकांत भांडण झालं की काशीला विचारायला यायचे, कारण काशी बोलली म्हणजे तसंच असणार.

नवव्या बोटाच्या दिवशी ती शहापूरला लेकाच्या फ्लॅटवर निघाली. पिशवीत तांदळाचं पीठ, कुळीथ, सुनेला आवडते म्हणून वालाची डाळ. एसटीच्या थांब्यावर उभी राहिली आणि तिथेच तिच्या मनाला पहिला काटा लागला. मुरबाडहून सरळगावमार्गे येणारी गाडी थांबली तर खिडकीत तिची विहीण जया बसलेली. मांडीवर भलंमोठं गाठोडं.

जयाने हात हलवला. काशी मागच्या दाराने चढली आणि मागेच उभी राहिली.

बाई दर आठवड्याला किन्हवलीवरून जाते. दर आठवड्याला. एकदा तरी उतरून "विहीणबाई, चहा टाका" म्हणाली? नाही. आणि आता तर पहिल्या बाळंतपणाला पोरीने माहेरी जायचं, तर डॉक्टरीण शहापूरची म्हणून पोर गेलीच नाही. माहेरच फ्लॅटवर येऊन उतरणार होतं, चांगलं चाळीस दिवसांसाठी. म्हणजे लेक काशीचा, घर लेकाचं, आणि आतल्या खोलीत राज्य जयाचं. खांब धरून उभ्या उभ्या काशीने हा सगळा हिशेब शहापूर येईपर्यंत तीनदा केला.

शहापूरला जया पुढच्या दाराने उतरून आधीच फ्लॅटवर पोचली होती. मागून काशी आली, तेव्हा मनस्वीने दार उघडलं. तिचा चेहरा उजळला होता, पाय थोडे सुजले होते. "आई, आधी डोळे मिटा," ती काशीला म्हणाली. सासूला ती आई म्हणायची आणि जयाला मम्मी. "मिटलेत ना? चला आता."

बाळाची खोली होती ती. आधी दीपेशची खोकी आणि सायकल पडलेली असायची, तिथे आता काशीला काही ओळखूच येईना.

"भिंतीला काय पेज फासली का गो?"

मनस्वी खळखळून हसली. "ऑफ व्हाइट म्हणतात आई त्याला. पण पेजच बरोबर आहे. आणि ही स्टाइल आहे ना, ट्रान्झिशनल. म्हणजे जुनं आणि नवं एकत्र. नुसतं जुनं ठेवलं की खोली अंधारी दिसते, नुसतं नवं ठेवलं की दवाखान्यासारखी. म्हणून कपाट साधं, पांढरं, पण त्याच्या कड्या बघा, पितळी. मम्मीच्या जुन्या फडताळाच्या आहेत. पडदा नवा, त्याला झालर मम्मीच्या शालूच्या काठाची. ही खुर्ची दूध पाजायला. खेळण्यांना प्लास्टिक नको म्हणून बुरुडाची टोपली."

काशी बघत होती. कड्या जयाच्या. काठ जयाचा. खुर्चीत बसलेली तीही जयाच, आणि वर म्हणते कशी, "या विहीणबाई, बसा की. लाजता काय?"

माझ्या लेकाच्या घरात मला बसा म्हणते. काशी हसली. तिला हसू फार छान जमायचं.

"माझी गोधडी कुठं ठेवलीस गो?"

"ती ना? ती माझ्याकडेच आहे," मनस्वी जरा गडबडली. "म्हणजे, लाल-हिरवी इथं मॅच नाही होत. नंतर बघू."

मॅच नाही होत. चार महिने डोळे फोडून भरलेले टाके, आणि मॅच नाही होत.

मग तिने पाळणा पाहिला. इतका वेळ तो दाराआड होता. सागाचा, जुना, तेल देऊन चमकवलेला, कडेला कातीव दांडे आणि मधे लाकडी पोपटांची जोडी. छताला कडी बसवली होती आणि पाळणा टांगला होता. काशीची नजर वर गेली. पाळणा लोखंडी साखळ्यांवर टांगलेला होता. जाड, घासूनपुसून लख्ख केलेल्या साखळ्या.

तिच्या पायाखालची फरशी एकदम गार लागली.

"आई, त्या साखळ्या ना—" मनस्वी काही सांगू लागली.

"दिसल्या," काशी म्हणाली.

म्हणजे एवढं एक उरलं होतं, तेही घेतलं. गोधडी कपाटात, दोरी नकोच. तिकडे डोहात नऊ दिवस अंबाडी भिजते आहे आणि इकडे हिने साखळी लावून टाकली. आत्यांचा तो हलका हात तिला आठवला. ती बोलली तेव्हा मात्र आवाज तिच्या नेहमीच्या मऊ आवाजासारखाच होता.

"मनस्वी, एक सांगू का? रागवू नको हां. वेळ भराच्या आधी पाळणा टांगलेला आमच्या घराण्यात चालत नाय. आत्या जाताना मला सांगून गेल्या. एकदा कोणीतरी टांगला होता..."

आणि ती थांबली.

"टांगला होता, मग?" जया खुर्चीतून उठली.

"जाऊ दे. पोटुशा बाईसमोर नको."

खोलीतलं हसणं कोणी उचलून न्यावं तसं गेलं. मनस्वीचा हात आपोआप पोटावर आला. दीपेश दुसऱ्या खोलीतून आला, त्याने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि काही न बोलता स्टूल आणलं. काशी बोलली म्हणजे तसंच असणार. पाळणा उतरवून गॅलरीत ठेवला आणि त्यावर जुनी चादर टाकली. छताला रिकामी कडी तेवढी राहिली.

परतीच्या गाडीत काशीला बसायला जागा मिळाली. वाटेत तिने पिशवीतलं केळंही खाल्लं, आणि ते गोड लागलं.

संध्याकाळी ती देवापुढे बसली. दिवा लावला, हात जोडले, सगळं म्हटलं. शेवटच्या वाक्याशी आली आणि अडली. मग तिने स्वतःलाच समजावलं. रिकामा पाळणा हलवू नये, हे तर सगळेच म्हणतात. त्यात खोटं ते काय? पण वाक्य काही तिने म्हटलं नाही. तशीच उठली.

"शेजारीण म्हणत होती, लेकाकडं बाळाची खोली सजवलीय," जेवताना काळूराम, तिचा नवरा, म्हणाला. "कशीय?"

"जुना-नवा एकत्र. तसली श्टाइल असते म्हणे."

"आपल्या घरासारखी मग. वर नवा पत्रा, खाली शेणाची जमीन." तो आपल्याच विनोदावर हसला. "अंबाडी कधी काढतेस? मी येतो दगड उचलाया."

"काढीन," काशी म्हणाली.

पण काढली नाही. भिंतीवर बोटं उमटत राहिली. बारा झाली, चौदा झाली. कशाला काढायची? साखळी आहे की. लख्ख आहे. ओहोळाच्या वाटेने जायचं ती टाळू लागली, धुणंसुद्धा बोअरवर धुऊ लागली.

सोळाव्या दिवशी दीपेशचा फोन आला. "आई, मनस्वी जेवत नाही नीट. झोपत नाही. सारखी विचारते, पाळणा दोन दिवस टांगलेला होता, त्याचं काही होणार नाही ना? डॉक्टरीण म्हणते सगळं ठीक आहे, पण तिला पटत नाही. काही शांत वगैरे करायची असते का? तू सांग, तुझं ऐकेल ती."

तेव्हा बोलायची वेळ होती. एका श्वासात सांगून मोकळं होता आलं असतं. काशी म्हणाली, "मी देवाला सांगते." आणि फोन ठेवून दिला. त्या संध्याकाळी तिने हातच जोडले नाहीत. दिवा लावून, देवाकडे पाठ फिरवून, भाकऱ्या थापायला बसली.

मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार आला. काशीने घट मांडला, कलशाला पानं लावली, वर नारळ ठेवला, पोथी उघडली. नेहमी तिला पोथी वाचताना अक्षरं आपसूक पुढे घेऊन जायची. आज दर ओळीला ठेच लागत होती. देवी हसते आहे की नुसती बघते आहे, ते कळेना. तेवढ्यात दारात चपला वाजल्या.

"आहात का विहीणबाई?"

जया होती. शहापूरहून मुरबाडला परतताना मधेच किन्हवलीला उतरली होती. आयुष्यात पहिल्यांदा. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं.

काशीने पाट दिला, हळदकुंकू लावलं, हातावर प्रसादाचं केळं ठेवलं. जयाने ते पदरात घेतलं आणि एकदम तिच्या पायाला हात लावायला वाकली.

"अगो अगो, हे काय करता!" काशी मागे सरली. "बरोबरीच्या बायका आपण."

"बरोबरीच्या नाय. तुमी नेमाच्या बाई. तुमचा शब्द देवापर्यंत जातो, मनस्वीच सांगते." जया पुन्हा पाटावर टेकली. "चूक माझी आहे. पाळणा मी टांगाया लावला. त्याचं काय वाईट व्हायाचं ते माझं होऊ द्या. पोरीला काय करावं लागंल ते सांगा. उपास सांगा, नारळ सांगा, मी अनवाणी जाईन. पण तिला एकदा सांगा की काय होणार नाय."

काशीने पोथीच्या पानावर अंगठा दाबून धरला.

"आणि मी तरी कशाला टांगला असता?" जया डोळे पुसत बोलत राहिली. "ती कडी बसवणारा म्हणाला, वजन टाकून बघा, स्लॅब नवा आहे. म्हणून आमच्या पडवीतल्या झोपाळ्याच्या साखळ्या काढून नेल्या. आमचा झोपाळा पंधरा दिवस भिंतीला टेकून उभा आहे, आमचे हे रोज विचारतात, बसू कुठं? कडी पेलते एवढं कळलं की साखळ्या परत आणणार होते. दोरी तर तुमच्याकडची. मनस्वीने मला लग्नाच्या आधीच सांगून ठेवलंय, मम्मी, पाळणा तुझा, पण दोरीला हात लावायचा नाही, ती आईंची."

"लग्नाच्या आधी?"

"तर काय! दीपेशरावांनी सांगितलेलं तिला. आजी जायच्या आधी आईच्या हातात हात होता, ते सगळं. पोरीने खोलीत दोन खुंट्या मारल्यात, तुमच्या नजरेस पडल्या नसतील. दोरीचं उरलेलं टोक गुंडाळून तिथं शोभेला लावाचं म्हणते." जया जरा थांबली आणि मग तिच्या तोंडावर एक वेगळाच, थोडा आंबट भाव आला. काशीला तो चांगला ओळखीचा होता. "खरं सांगू का, विहीणबाई? मला जळजळ होते. मी कड्या दिल्या, शालू फाडला, ब्लँकेट आणलं मुंबईहून. ते ब्लँकेट पिशवीत आहे अजून. झोपताना तुमची गोधडी लागते तिला. बाळाला देत नाय, स्वतःच पांघरते. मी म्हटलं, अगो दे ना बाळाच्या कपाटात, तर म्हणते, नंतर बघू."

बाहेर अंगणात कोंबडी ओरडत होती. घटासमोरची वात थोडी वाकडी झाली होती. काशीने ती सरळ केली. बोटाला चटका बसला.

"जयाबाई," ती म्हणाली. नाव घेऊन ती आज पहिल्यांदा बोलत होती. "आत्या तसं काय बोलल्या नव्हत्या."

"काय?"

"पाळणा आधी टांगू नको, असं काय बोलल्या नव्हत्या. मी माझ्या मनाचं सांगितलं. त्या साखळ्या बघितल्या आणि... तुमच्या कड्या, तुमचा काठ, तुमची खुर्ची. मला राहवलं नाय. कोणी टांगला नव्हता कधी. कोणाचं काय झालं नव्हतं."

जयाने पदरातलं केळं काढून पाटावर ठेवलं.

"माझी पोर दहा दिवस धड जेवली नाय, ओ."

"व्हय."

"तुमच्या शब्दावर. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर हसली असती ती."

"व्हय," काशी पुन्हा म्हणाली.

जया उठली. दारापर्यंत गेली, परत आली. "मला सांगून काय उपयोग? तिला सांगा. आत्ता, माझ्यासमोर."

काशीने चष्मा लावला आणि फोन लावला. पलीकडे मनस्वीचा आवाज आला, "आई? देवाला सांगितलंत का?" काशी खाली बसली.

तिने सगळं सांगितलं. जसं जयाला सांगितलं तसंच, काही कमी न करता.

"म्हणजे आजी असं काही बोलल्याच नव्हत्या."

"नाय."

"आणि एकदा टांगला होता म्हणालात, ते?"

"तेही नाय."

"मी रोज मोजत बसायचे आई, ते पोटात किती वेळा हललं. जरा वेळ हललं नाही की घाम यायचा." आवाज रडका नव्हता. सपाट होता, आणि तेच वाईट होतं. "तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून."

"माझं चुकलं, बाय. लहानाच्या पाया पडत नायत, नायतर पडले असते."

मग मनस्वी म्हणाली, "पाळणा परत टांगायला सांगू दीपेशला?"

"सांग. पण साखळीवर नको. साखळ्या मम्मीच्या झोपाळ्याच्या, त्या तिला परत दे. दोरी मी आणते."

"कधी?"

काशीने भिंतीकडे पाहिलं. कुंकवाची एकोणीस बोटं. "अंबाडी डोहात आहे. चौदाव्या दिवशी काढायची होती, मी नाय काढली. थंडी आहे, पाणी गार आहे, वाचली असली तर आठवड्यात दोरी होईल. कुजली असली तर दुसरीकडून अंबाडी मागून आणीन. पण तीन पेडाची दोरी तुझ्या दिवसांच्या आधी त्या कडीला असंल."

मनस्वी "बरं" म्हणाली नाही, "नको"ही म्हणाली नाही. फोन बंद झाला.

जयाने पाटावरचं केळं उचललं, क्षणभर हातात धरलं आणि पुन्हा पदरात घेतलं. "चारची गाडी आहे मला," ती म्हणाली. दारात चपला घालताना मागे न बघता म्हणाली, "दोरी घेऊन निघाल तेव्हा फोन करा. गाडीत खिडकीजवळची जागा धरून ठेवीन."

ती गेल्यावर काशी घटापुढे बसली. हात जोडले. मग ती म्हणाली, "दहा दिवसांमागं खोटं बोलले. आज सांगितलं." आणि पोथी मिटून कापडात बांधली.

उपास सुटायला अजून वेळ होता. ऊन उतरणीला लागलं होतं. तिने लुगड्याचा पदर खोचला, खुंटीवरचा कोयता घेतला, ओला वाख आणायला जुनं पोतं घेतलं. पडवीत काळूराम सुपारी कातरत बसला होता.

"कुठं गो?"

"ओहोळावर."

तो उठू लागला. "थांब, दगड मी काढतो."

"नको," काशी म्हणाली. "ठेवले मी होते."

आणि ती बांधावरून खाली उतरली, नाचणीच्या कापल्या शेताच्या कडेने, जिथे अंबाडीच्या दोन ओळींचे बुंधे अजून जमिनीत उभे होते.